वर्तुळातला एक संशयास्पद बाण

कॅनडा, अलास्का, स्वीडन, सायबेरिया अशा उत्तरेकडच्या मुलखांतील सूचिपर्णी जंगलांविषयी जे लोकप्रिय लेखन होते, त्यात एक आकृती वारंवार भेटते. एक वर्तुळ, त्यावर चार चित्रे आणि चार बाण. पहिल्या चित्रात म्हातारे झालेले जंगल, दुसऱ्यात किडीने मारलेली झाडे, तिसऱ्यात वणवा आणि चौथ्यात राखेतून वर येणारी रोपे. रोपांपासून निघालेला बाण पुन्हा म्हाताऱ्या जंगलाकडे जातो आणि वर्तुळ पुरे होते. खालचा मजकूरही ठरलेला असतो. वय झालेल्या झाडांवर कीड पडते, कीड झाडे मारते, मेलेली झाडे वाळून त्यांचे सरपण होते, सरपणाला आग लागते, आगीत कीड मरते आणि बिया रुजतात. सगळे कसे जागच्या जागी!

शिकवायला ही आकृती फार सोयीची आहे. फळ्यावर दोन मिनिटांत काढता येते. जलचक्र, नायट्रोजनचक्र यांच्या पंक्तीत ती सहज बसते आणि 'निसर्गात काहीच वाया जात नाही' हे आवडते वाक्यही तिच्याखाली लिहिता येते. परंतु आकृतीतला बाण म्हणजे एक विधान असते. 'अ' मुळे 'ब' घडते, असे तो म्हणतो. वाक्यात लिहिलेल्या विधानाला आपण पुरावा विचारतो, बाणाला मात्र सहसा विचारत नाही. या चार बाणांना तो विचारून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्यातला एक बाण ठणठणीत आहे. दुसऱ्याने बरेच काही पोटात लपवले आहे. किडीकडून वणव्याकडे जाणारा बाण मोजमाप होण्याच्या कितीतरी आधी, केवळ पटण्याजोगा वाटला म्हणून काढला गेला. आणि सर्वांत मजेदार बाण आकृतीत नाहीच.

ठणठणीत बाण आधी संपवू. वणव्यातून नवे जंगल उभे राहते, हे खरे आहे. पश्चिम कॅनडात आणि अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात लॉजपोल पाइन नावाचा वृक्ष मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्याच्या पुष्कळ झाडांवरचे शंकू पिकले तरी उघडत नाहीत. शंकूचे खवले राळेने एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात आणि बिया वर्षानुवर्षे आत कोंडलेल्या राहतात. तापमान साधारण ४५ ते ६० अंश सेल्सिअसवर गेले की राळ मऊ पडते आणि खवले सुटू लागतात. वणव्याची ज्वाला झाडावरून झपाट्याने निघून जाते. तेवढ्या वेळात जाड खवल्यांआडच्या बिया शिजत नाहीत. मग त्या मोकळ्या झालेल्या, ऊन पोचणाऱ्या जमिनीवर पडतात. पूर्वेकडचा जॅक पाइनही हेच करतो. अर्थात सगळ्याच झाडांचे शंकू असे नसतात. एकाच जंगलात आगीवाचून शंकू उघडणारी लॉजपोलची झाडेही असतात आणि दोन्हींचे प्रमाण ठिकाणाप्रमाणे बदलते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट घडते. वणव्यानंतर उगवलेली सगळी झाडे जवळजवळ एकाच वयाची असतात. शाळेतल्या एका इयत्तेसारखी ती बरोबरच वाढतात आणि बरोबरच जाड होतात. दुसरा बाण म्हाताऱ्या जंगलाकडून किडीकडे जातो, तो इथूनच निघतो.

इथे कीड म्हणजे मुख्यतः माउंटन पाइन बीटल, तांदळाच्या दाण्याएवढा एक काळपट भुंगेरा. उन्हाळ्यात मादी पाइनची साल पोखरून आत शिरते आणि रसवाहिन्यांच्या थरात उभा बोगदा खणून अंडी घालते. झाड स्वस्थ बसत नाही. भोकातून राळ सोडून ते भुंगेऱ्याला बाहेर ढकलते किंवा राळेतच बुडवते. एकटादुकटा भुंगेरा धडधाकट झाडापुढे हरतो. म्हणून भुंगेरे गंधद्रव्ये सोडून भाईबंदांना बोलावतात आणि थोड्या दिवसांत शेकडो जण एकाच झाडावर तुटून पडतात. त्यांनी बरोबर आणलेल्या बुरशा खोडात पसरून पाणी वाहण्याचे मार्ग बंद करतात. अळ्या सालीखाली हिवाळा काढतात. त्यांच्या शरीरात ग्लिसरॉल साठत जाते, त्यामुळे त्या गोठत नाहीत. उणे ४० अंशांच्या आसपासची थंडी काही दिवस टिकली, तरच त्या मोठ्या संख्येने मरतात. बारीक झाडाच्या पातळ सालीखाली पुरेसे अन्न मिळत नाही, म्हणून भुंगेऱ्याला जाड खोडाची झाडे लागतात. पाइनच्या बाबतीत ही झाडे ढोबळमानाने ८० वर्षांहून अधिक वयाची असतात.

१९९० च्या दशकात कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात या भुंगेऱ्याची साथ सुरू झाली आणि तिने १ कोटी ८० लाख हेक्टरांहून अधिक जंगलाला कमीअधिक प्रमाणात ग्रासले. महाराष्ट्राचे सगळे क्षेत्रफळ सुमारे ३ कोटी ८ लाख हेक्टर आहे, त्यावरून अंदाज यावा. या क्षेत्रातली सगळीच झाडे मेली असे नाही. तरी प्रांतातल्या तोडणीयोग्य लॉजपोल पाइनपैकी निम्मे लाकूड या साथीत मेले, असा अंदाज आहे.

आता आकृती पाहावी. ती म्हणते, जंगल म्हातारे झाले म्हणून कीड पडली. परंतु इतके पाइन एकदम म्हातारे झाले कसे? विसाव्या शतकात वणवे विझवण्याची यंत्रणा सतत सुधारत गेली. पूर्वी अधूनमधून जळून कोवळे होणारे जंगलाचे तुकडे आता न जळता वयात आले. भुंगेऱ्याला चालतील अशा वयाच्या पाइनचे क्षेत्र त्या शतकात सुमारे तिप्पट झाले, असा कॅनडाच्या वनशास्त्रज्ञांचा हिशेब आहे. दुसरीकडे हिवाळे सौम्य होत गेले आणि अळ्यांना मारणारी थंडी दुर्मिळ झाली. पुढे २००६ च्या सुमारास भुंगेऱ्यांचे मोठे थवे रॉकी पर्वत ओलांडून अल्बर्टात उतरले आणि तिथे जॅक पाइनमध्येही शिरले. म्हणजे 'म्हातारपण' या एका शब्दात आकृतीने माणसाची अग्निशमन यंत्रणा आणि तापणारे हवामान, दोन्ही झाकून टाकले. निसर्गचक्र म्हणून जे दाखवले जाते, त्यात माणसाचा हात किती आहे, हे विद्यार्थ्याला कळतच नाही. आकृतीवरचा हा आमचा पहिला गंभीर आक्षेप.

आता तिसऱ्या बाणाकडे वळू. कीड झाडे मारते, मेलेले लाकूड पेट घेते, म्हणून किडीनंतर वणवे वाढतात. हे इतके उघड वाटते की तपासण्याची गरज कुणाला भासू नये. त्यात मेलेल्या पाइनचे दृश्यही भीतिदायक असते. झाड मेल्यावर साधारण वर्षभरात त्याच्या सुया लालभडक होतात आणि डोंगरच्या डोंगर गंजल्यासारखे दिसू लागतात. हिरव्या सुईत तिच्या कोरड्या वजनाइतके किंवा त्याहून जास्त पाणी असते. लाल सुईत ते एकदशांशाच्या आसपास उरते. अशी सुई लवकर पेटते, यात शंका नाही.

परंतु लाल अवस्था दोन-तीन वर्षेच टिकते. नंतर सुया गळून पडतात आणि करडी खोडे उभी राहतात. आता आगीला एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर जायला मधे काही उरलेलेच नसते. आणखी दहा-वीस वर्षांत खोडे आडवी होतात, त्यांच्यामधून नवी झाडे वर येतात आणि जमिनीवर जाड ओंडक्यांचा खच पडतो. मग आग लागली तर ती धावत नाही, पण ओंडक्यांजवळ तासन्‌तास धुमसते आणि माती खोलवर भाजते. मेलेले एकच जंगल तीन काळांत तीन वेगळ्या तऱ्हांनी जळते. आकृतीतला बाण यातल्या कोणत्या काळाबद्दल बोलतो, ते आकृती सांगत नाही.

प्रत्यक्ष मोजमाप काय म्हणते? १९८८ साली अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग वणव्यांत सापडला. त्या जंगलात १९७२ ते १९७५ आणि १९८० ते १९८३ अशा दोन काळांत भुंगेऱ्यांनी झाडे मारली होती. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून पाहिले गेले. जुन्या साथीच्या जागा जळण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी जास्त निघाली. नव्या साथीच्या जागांत फरक दिसला नाही. परिणाम होता, पण लहान, आणि तोही ताज्या मेलेल्या झाडांत नव्हे, तर तेरा ते सोळा वर्षांपूर्वी मेलेल्यांत.

सारा हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली हेच काम मोठ्या प्रमाणावर केले. अमेरिकेच्या पश्चिम भागात १९९० च्या दशकाच्या मध्यापासून भुंगेऱ्याने ७१,००० चौरस किलोमीटर जंगलात पाइन मारले होते. २००२ पासूनची सर्वाधिक वणव्यांची तीन वर्षे निवडून त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. किडीने मारलेल्या जंगलाचा एकूण जंगलात जेवढा वाटा आहे, त्याहून जास्त वाटा जळालेल्या क्षेत्रात दिसतो का? उत्तर आले, दिसत नाही. लाल अवस्थेतही नाही आणि करड्या अवस्थेतही नाही.

हा निष्कर्ष बाहेर आल्यावर 'कीड आणि वणवा यांचा काही संबंध नाही' असे काही लोक म्हणू लागले. आमच्या मते ही दुसऱ्या बाजूची घाई झाली. अभ्यासाने किती क्षेत्र जळाले ते मोजले. आग किती वेगाने गेली, ज्वाला किती उंच होत्या, विझवणाऱ्यांवर काय प्रसंग आला, हे मोजलेले नाही. ब्रिटिश कोलंबियातील भुंगेराग्रस्त जंगलांतल्या प्रत्यक्ष आगींची नोंद २०१४ साली प्रसिद्ध झाली. त्यांत आगीचा वेग नेहमीच्या पद्धतीने केलेल्या भाकितापेक्षा सरासरी अडीचपटीहून अधिक निघाला. अंगावर येणाऱ्या आगीपुढे उभ्या असलेल्या माणसाला हा फरक क्षुल्लक नाही. शिवाय हार्ट यांनी निवडलेली तिन्ही वर्षे पराकोटीच्या वणव्यांची होती. अशा वर्षी हिरवे जंगलही जळते. मेलेल्या जंगलाला वेगळे उठून दिसण्याची संधीच कुठे मिळते? प्रश्न नेमका होता आणि उत्तरही नेमके होते. लोकांनी ते ज्या प्रश्नाला चिकटवले, तो मात्र वेगळाच होता.

आता कीडच बदलून पाहू. पूर्व कॅनडात स्प्रूस बडवर्म नावाच्या पतंगाची अळी दर ३० ते ४० वर्षांनी साथीच्या रूपाने येते. नावात स्प्रूस असला तरी तिचा सर्वांत मोठा फडशा बॅलसम फर या झाडावर पडतो. ती साल पोखरत नाही, कोवळे कोंब आणि सुया खाते. म्हणजे जळण झाडावर वाळवत न ठेवता ते स्वतःच खाऊन टाकते! झाड मरायला काही वर्षे लागतात. ऑन्टारिओत वनशास्त्रज्ञांनी अशा मेलेल्या फरच्या जंगलाचे तुकडे मुद्दाम पेटवून पाहिले आणि निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध केले. वसंतात लावलेली आग भयानक वेगाने धावली. त्याच प्रकारच्या जंगलात उन्हाळ्यात लावलेली आग नीट पसरलीच नाही, कारण छत्र मोकळे झाल्याने खाली उन्हात हिरवी झुडपे माजली होती. धोका सर्वाधिक होता तो झाडे मेल्यानंतर पाच ते आठ वर्षांनी, शेंडे मोडून खाली पडल्यावर. त्याच प्रांतातील अनेक वर्षांच्या वणव्यांच्या नोंदींतही बडवर्मनंतर तीन ते नऊ वर्षांच्या काळात वणवे अपेक्षेपेक्षा जास्त लागल्याचे पुढे आढळले. इथे बाण खरा आहे. फक्त त्याला एक खिडकी आहे, आणि ती ठरावीक वर्षांनी उघडून पुन्हा बंद होते.

अलास्काच्या केनाई द्वीपकल्पाची गोष्ट आम्हाला सर्वांत बोलकी वाटते. १९९० च्या दशकात तिथे स्प्रूसच्या सालीतल्या भुंगेऱ्याने अफाट झाडे मारली आणि आता सगळे जळणार, असे भय पसरले. संशोधकांनी तिथली माती खणून तिच्यातल्या कोळशाचे वय काढले. गेल्या दोन हजार वर्षांत त्या स्प्रूसच्या जंगलात वणवा साधारण चारशे ते सहाशे वर्षांतून एकदा आला होता. झाडांच्या वाढवलयांवरून काढलेल्या इतिहासात भुंगेऱ्यांच्या साथी मात्र सरासरी पन्नास वर्षांनी येऊन गेल्या होत्या. म्हणजे दोन वणव्यांच्या मधे सुमारे दहा साथी! मेलेल्या झाडांनीच वणवा येत असता, तर हा हिशेब जुळलाच नसता. समुद्रकाठच्या त्या दमट जंगलात जळणाची वाण कधीच नव्हती. वाण होती ती कोरड्या हवेची आणि ठिणगीची.

ज्वलनाला जळण, ऑक्सिजन आणि उष्णता लागते, हे आपण सातवी-आठवीत शिकवतो. यांपैकी जे कमी असेल, त्यावर आग अडते. उत्तरेकडच्या जंगलात राळेने भरलेले जळण बारा महिने उभे असते, पण बहुतेक दिवस ते ओले किंवा बर्फाखाली असते. त्यामुळे वणव्यांचे वर्ष ठरते ते मुख्यतः हवेच्या कोरडेपणावर आणि वाऱ्यावर. २०२३ साली कॅनडात दीड कोटी हेक्टरांच्या आसपास जंगल जळाले. त्या वर्षीचे विलक्षण उष्ण आणि कोरडे हवामान हे त्याचे मुख्य कारण होते. कीड जळणाची मांडणी बदलते, हवा बदलत नाही.

या बाणाची एवढी चिकित्सा कशासाठी, असे कुणी विचारेल. कारण या बाणावर निर्णय घेतले जातात. अमेरिकेत २०१४ च्या कृषी कायद्यात कीड आणि रोग लागलेल्या राष्ट्रीय वनांत तोडणी, विरळणी अशी कामे लवकर मंजूर व्हावीत म्हणून खास तरतूद झाली. वणव्याचा धोका कमी करणे हे तिच्यामागचे एक कारण होते. ब्रिटिश कोलंबियात मेलेले लाकूड सडण्याआधी काढून घ्यावे म्हणून तोडणीची वार्षिक मर्यादा अनेक वर्षे वाढवून दिली गेली. लाकूड वाया जाऊ नये, गिरण्या चालाव्यात, हे कारण प्रामाणिक आहे आणि तेवढ्यावर त्या निर्णयाची चर्चा होऊ शकते. गावालगतची मेलेली झाडे काढण्यालाही कुणी हरकत घेणार नाही. परंतु वस्तीपासून शंभर किलोमीटर दूरचे जंगल 'नाहीतर वणवा येईल' म्हणून साफ करायचे, तर बाणाचा पुरावा मागायला हवा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतील वणवे तपासले, तेव्हा कीड येऊन गेलेल्या जंगलात नंतरच्या वणव्याने केलेली हानी बहुतेक वेळा कमीच निघाली. खाऊन झालेल्या जंगलात जाळायला थोडे उरले होते.

आणि मेलेली, जळालेली झाडे साफ करताना काय साफ होते? इथे तो राहिलेला बाण येतो, वणव्याकडून किड्यांकडे जाणारा. वर्तुळाच्या मजकुरात आगीत कीड मरते, एवढेच असते. खरे तर कित्येक किड्यांचे जिणे आगीवरच अवलंबून आहे. मेलॅनोफिला वंशाचे काळे भुंगेरे धुमसत्या जंगलाकडे उडत येतात, नुकत्याच भाजलेल्या खोडांवर जोड्या जमवतात आणि तिथेच अंडी घालतात. जळालेले झाड राळ सोडू शकत नाही, स्पर्धकही अजून पोचलेले नसतात, मग अळ्यांना मेजवानीच! आग शोधायला त्यांच्याजवळ दोन साधने आहेत. मधल्या पायांच्या जोडीजवळ शरीराच्या दोन्ही बाजूंना एकेक खळगा असतो आणि त्यात सूक्ष्म गोलकांसारखे सुमारे ७० संवेदक असतात. अवरक्त किरणांनी गोलकातला द्रव किंचित प्रसरण पावतो आणि त्याचा दाब चेतातंतूला जाणवतो. शिवाय त्यांच्या स्पर्शिकांना लाकडाच्या धुरातली विशिष्ट रसायने अत्यल्प प्रमाणातही ओळखता येतात, हे १९९९ साली दाखवून दिले गेले. १९४३ साली लिन्स्ली या कीटकशास्त्रज्ञाने नोंदवले आहे की, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या फुटबॉल मैदानावर हे भुंगेरे प्रेक्षकांच्या अंगावर उतरून चावे घेत. हजारो सिगारेटींचा धूर त्यांना बोलावत असावा.

१९२५ साली कॅलिफोर्नियातच कोलिंगा येथे तेलाची टाकी पेटली, तेव्हाही हे भुंगेरे तिथे थव्यांनी आले होते. २०१२ साली त्या आगीचे गणित मांडून, भुंगेऱ्यांनी ती १३० किलोमीटरवरून ओळखली असावी असा अंदाज काढण्यात आला. हा आकडा आता सर्वत्र छापला जातो. भुंगेरे कुठून आले ते कुणी पाहिलेले नव्हते. सर्वांत जवळचे योग्य जंगल किती दूर आहे, यावरून तो काढलेला आहे. अंदाज म्हणून सांगावा, पण 'भुंगेरा १३० किलोमीटरवरची आग पाहतो' असे छातीठोकपणे फळ्यावर लिहू नये.

भुंगेऱ्यांमागून इतरही येतात. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या जाड अळ्या जळालेले लाकूड कुरतडत बसतात. त्या खायला काळ्या पाठीचा सुतारपक्षी येतो, जो कोळसा झालेल्या खोडावर बसला की दिसेनासा होतो. जळालेल्या बर्चवर एका काळ्या बुरशीचे गोळे येतात आणि त्या बुरशीवर जगणारे वेगळेच कीटक असतात. स्वीडनमध्ये वणवे विझवण्यात इतके यश आले की अशा आगीवर जगणाऱ्या जाती दुर्मिळ झाल्या, काही जागांतून नाहीशाच झाल्या. आज तिथे राखीव जंगलांचे भाग मुद्दाम जाळले जातात आणि वनव्यवस्थापनाचे प्रमाणपत्र हवे असलेल्या मोठ्या वनमालकांनाही तोडणी झालेल्या कोरड्या जमिनीचा काही वाटा जाळावा लागतो.

याच बाणाची आणखी एक शाखा आहे. वणव्यात भाजलेली पण न मेलेली झाडे दुबळी होतात आणि सालीतल्या भुंगेऱ्यांना आयतीच सापडतात. यलोस्टोनमध्ये १९८८ नंतर अर्धवट होरपळलेल्या डग्लस फरवर असेच हल्ले झाले. उलट पूर्ण जळून कोवळे झालेले पाइनचे जंगल पुढची कित्येक दशके त्याच्या भुंगेऱ्यासाठी निरुपयोगी ठरते. एकच वणवा एकीकडे किडीला जेवायला वाढतो आणि दुसरीकडे तिची वाट अडवतो.

मग फळ्यावर काढायचे काय? वर्तुळ पुसून टाकावे, असे आम्ही म्हणणार नाही. प्रत्येक बाणावर तीन प्रश्न लिहावेत. कोणती कीड? किती वर्षांनी? कोणत्या हवेत? तिसरा प्रश्न समजायला एक खेळ उपयोगी पडतो. त्याला एक फासा आणि आलेखाचा कागद पुरतो.

कागदावर २० गुणिले २० चौकोनांचे जंगल आखावे. वर्गात चाळीस मुले असतील तर प्रत्येकाला दहा चौकोन येतात. प्रत्येक चौकोनासाठी फासा टाकायचा. ठरवलेले आकडे पडले तर तो चौकोन रंगवायचा, म्हणजे ते झाड आज जळण्याइतके कोरडे आहे. मग वरची सगळी ओळ पेटवायची. आग रंगवलेल्या चौकोनातून शेजारच्या, कडेला कड लागलेल्या रंगवलेल्या चौकोनातच जाऊ शकते. ती खालच्या कडेला पोचते का, हे पाहायचे.

ओल्या वर्षासाठी १ आणि २ हे दोनच आकडे घ्यावेत. आग चार पावलांत मरते. आता कीड आली म्हणून ३ हा आकडाही घ्यावा. तरी ती बहुधा पार जात नाही. पराकोटीच्या कोरड्या वर्षासाठी १ ते ५ घ्यावेत. आग धडाक्यात पार जाते, आणि किडीसाठी ६ वाढवला तरी निकाल तोच. परंतु मधल्या वर्षासाठी १ ते ३ घेऊन किडीमुळे ४ वाढवला, तर न पोचणारी आग एकदम पोचू लागते. असे का, तर या खेळात शेकडा ५९ च्या आसपास चौकोन रंगले की जंगल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडले जाते. तीन आकड्यांनी आपण ५० वर असतो, चार आकड्यांनी ६७ वर. सारख्याच किडीचा परिणाम एका वर्षी शून्य, दुसऱ्या वर्षी प्रचंड आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा शून्य दिसतो. वरचे अभ्यास एकमेकांशी भांडताना का दिसतात, हे मुले स्वतःच सांगतील. कागद लहान असल्याने एखाद्या डावात निकाल उलटाही येईल, म्हणून पाच-सहा डाव खेळावेत. हा खेळ आहे, जंगल नव्हे, हेही सांगून टाकावे.

एखादा विद्यार्थी विचारेल, वारा कुठे आहे? मग नियम बदलावा आणि आगीला तिरप्या चौकोनातही उडी मारू द्यावी. आता शेकडा ४१ च्या आसपास चौकोन रंगले तरी पुरते. मधल्या वर्षीचे तीन आकड्यांचे जंगल किडीवाचूनच पार जळू लागते. आणि मघाशी ज्या ओल्या वर्षी किडीने काहीच फरक पडला नव्हता, त्याच वर्षी आता पडू लागतो.